आत्याला हवा असलेला चाकू

माझी आत्या शहाऐंशी वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यापासून ती बोरिवलीच्या घरात पलंगावरून फारशी उठत नाही. हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणतात आणि पुढचं बोलायचं टाळतात. तिला काही खावंसं वाटत नाही, कुठे जावंसं वाटत नाही, आणि भेटायला येणाऱ्यांचा तर तिला वैताग येतो. तिला फक्त तिच्या वडिलांचा चाकू हवा होता. एकदा हातात धरायला.

"माझ्या बापाशीचो चाकू आण गो," ती मला म्हणाली. "एकदा हातात घेतंय. मगे मी खुशाल जातंय."

एवढंच ना, असं मला वाटलं. चाकू आमच्याच घरात होता, मुलुंडला. माझे बाबा, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, गेल्या वर्षी वारले, तेव्हापासून त्यांच्या सगळ्या बारीकसारीक वस्तू आईने एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवल्या होत्या. रविवारी डबा काढायचा, चाकू पर्समध्ये टाकायचा, बोरिवलीला नेऊन द्यायचा. अर्ध्या दिवसाचं काम.

त्या अर्ध्या दिवसाचे पुढे तीन महिने झाले.

आधी चाकूचं महत्त्व सांगते, नाहीतर एवढा आटापिटा कशासाठी ते कळणार नाही. आजोबा लालबागला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, होते. सूत कापायला त्यांच्याकडे एक मिटायचा चाकू असे, कायम खिशात. पाळीवर जाण्याआधी त्याच चाकूने ते आत्याच्या पेन्सिलीला टोक काढून देत. चाळीत बाकीच्या मुलींच्या पेन्सिली ब्लेडने तासलेल्या, आणि हिच्या पेन्सिलीचं टोक सुईसारखं. मग आजी गेली. आत्या अकरा वर्षांची होती आणि बाबा तीन. घरात बाईमाणूस नाही, तान्ह्यासारखं पोर सांभाळणार कोण? आत्याची शाळा सुटली. त्यानंतर आजोबा त्याच चाकूने टोक काढायचे ते बाबांच्या पेन्सिलींना. बाबा शिकले, सरकारी नोकरीत लागले. आजोबा वारले तेव्हा चाकू मुलाकडे गेला, कारण मुलगा होता. आत्याने त्याबद्दल कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. दर दसऱ्याला मात्र ती बोरिवलीहून आमच्याकडे यायची. पाटावर आईची विळी, कात्री, बाबांचे पाने आणि स्क्रू ड्रायव्हर, आणि मधोमध झेंडूची फुलं वाहिलेला आजोबांचा चाकू. आत्या चाकूला हळदकुंकू लावायची, हात जोडायची, बाबा तिच्या पाया पडून तिला सोनं द्यायचे, आणि ती जेवून परत जायची.

तर रविवारी मी डबा उघडला. आत तीन चाकू. तिन्ही काळ्या मुठीचे, तिन्ही बोटाएवढे लांब. बाबा शेवटची दोन-तीन वर्षं आजारी होते, दसऱ्याची पूजा बंदच पडली होती, आणि आवराआवर करताना आईने सगळं एकत्र कोंबलं होतं.

"आई, आजोबांचा कुठला?"

"त्यातलाच एक," आई म्हणाली.

एकाची मूठ जरा जास्त घासलेली वाटली. पाटावरचा हाच, असं मला पक्कं वाटलं. तोच घेऊन मी निघाले. मुलुंडहून बोरिवलीला जायचं म्हणजे लिंक रोडवर तासभर समोरच्या टेम्पोचा पार्श्वभाग बघत बसायचं. आत्याने चाकू हातात घेतला, उघडला नाही, नुसती बोटं फिरवली आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"ह्यो न्हय."

"अगं, दसऱ्याला हाच असायचा."

"माझ्या बापाशीच्या चाकवाची मूठ शिंगाची होती."

पुढच्या रविवारी मी दुसरा नेला. "ह्यो न्हय. त्येका मागे कडी होती. बापूस ती दोऱ्याने कमरेक बांधी." त्याच्या पुढच्या रविवारी तिसरा नेला. "ह्यो पण न्हय. पात्यार नाव होता इंग्रजीत. मी अक्षरां लावून वाचलेलां." आधी शिंग, मग कडी, मग नाव. दर वेळी नवीन खूण. मी परतीच्या बसमध्ये बसून स्वतःशीच भांडत होते. चाकू आहे, कोहिनूर नाही. एखादा घ्यावा आणि समाधान मानावं की बाईने!

पण मी तशी सोडून देणाऱ्यातली नाही. मी विमा कंपनीत दाव्यांच्या फाइली तपासते. गाडी खरोखर चोरीला गेली का, आग कुठून लागली, बिलावरची सही कुणाची, हे शोधून काढण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. घरातल्या तीन चाकूंमधला आजोबांचा कुठला हे मला सांगता येत नाही, हे मला सहन होईना. मी भिंग विकत आणलं. संध्याकाळी ऑफिसमधून आले की जेवणाच्या टेबलावर तिन्ही चाकू मांडायचे आणि बसायचं. आईला टेबल पुसायला मिळेना, म्हणून ती वेगळीच कुरकुर करायची.

जुने चाकू गोळा करणाऱ्या लोकांचा एक गट मला मोबाईलवर सापडला. जगभरातले लोक, आणि प्रत्येकाकडे चाकूबद्दल इतकी माहिती की आपल्याला स्वतःची लाज वाटावी. मी तिन्ही चाकूंचे फोटो टाकले. तासाभरात उत्तर आलं: पात्याच्या मुळाशी, जिथे ते मुठीत शिरतं तिथे, बनवणाऱ्याचा छाप असतो, त्याचा फोटो टाका. मी भिंगातून बघितलं. छाप नव्हता. एकावर नाही, दुसऱ्यावर नाही, पाटावरच्यावर अगदी पुसट एक रेघ, ती अक्षर आहे की ओरखडा ते कळेना. तसं कळवलं. मग दुसऱ्याचं उत्तर: असं कसं, नीट बघा. नीट बघा! जणू मी डोळे मिटून बघत होते. तिसऱ्याने फक्त एकच प्रश्न विचारला आणि तो मला चांगलाच झोंबला: तो पुसट रेघेचा चाकू कोणी घासला?

मी घासला होता. दुसरं कोण घासणार? आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं घासायचं काम माझं होतं. विटेची पूड, नारळाची शेंडी आणि बादलीभर पाणी घेऊन मी गॅलरीत बसायचे. विळी, कात्री, पाने, आणि सगळ्यात शेवटी चाकू, कारण चाकू सगळ्यात जास्त चमकला पाहिजे. देवापुढे काळपट हत्यार ठेवलं तर लक्ष्मी रागावते, असं आई म्हणायची. त्या गटातल्या एकाने लिहिलं की जुन्या चाकूला कधीही घासू नये, त्याचा सगळा इतिहास त्या काळपटपणात असतो. आता त्याला मी काय सांगणार? की आमच्याकडे इतिहासाची पूजा करण्याआधी तो विटेने घासून काढतात?

मग शिंगाचा प्रश्न घेतला. त्याची एक सोपी परीक्षा असते. सुई गॅसवर लाल करायची आणि मुठीला आतल्या बाजूने, दिसणार नाही अशा ठिकाणी टेकवायची. शिंग असेल तर केस जळल्यासारखा वास येतो. मी तिन्ही मुठींना सुई लावली. तिन्ही वेळा स्वयंपाकघरात बादली वितळल्यासारखा वास सुटला. आई नाकाला पदर लावून आली आणि खिडकी उघडून गेली.

तिन्ही मुठी प्लॅस्टिकच्या. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर तिथेच थांबलं असतं आणि विचार केला असता. मी काय केलं? जसं ऑफिसात करते तसंच केलं. साक्षीदार वृद्ध, दृष्टी अधू, दर वेळी नवा जबाब, म्हणून साक्ष ग्राह्य नाही. पाटावरचा चाकू मी स्वतः डोळ्यांनी बघितलेला, वर्षानुवर्षं. तो आजोबांचाच. चूक आत्याच्या आठवणीची. मला फक्त ते सिद्ध करायचं होतं. तिच्या हातात चाकू द्यायचा होता तो राहिला बाजूला, आणि मी तिला खोटं पाडायच्या मागे लागले. हे आता लिहिताना मला अजिबात बरं वाटत नाही.

घाटकोपरला स्टेशनच्या पश्चिमेला बाजारात एक जुनं दुकान आहे, कात्र्या-सुऱ्यांना धार लावून देणाऱ्याचं. दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली की भरतं. दुकानदार सत्तरीचा, डोळ्यावर जाड चष्मा. एका शनिवारी मी तिन्ही चाकू त्याच्यासमोर ठेवले आणि विचारलं, "यातला सगळ्यात जुना कुठला?"

त्याने एकेक उघडून कानाजवळ नेला आणि मिटला. उघडला, मिटला. आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, कशी वाजते ते ऐकत होता.

"मॅडम, जुना कोणताच नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही समजता तसा नाय. किती जुना पायजे तुम्हाला?"

"माझे आजोबा गिरणीत कामाला लागले तेव्हाचा. स्वातंत्र्याच्या आधीचा."

तो हसला. "हे स्टेनलेस आहे. त्या टायमाचं पातं असतं तर काळं पडलं असतं, गंज खाल्ला असता. असे चाकू फुटपाथवर ढिगाने मिळायचे, मी दुकानात बसायला लागलो त्याच्यानंतर. आमच्याकडे पण होते." मग त्याने पाटावरचा म्हणून मी दाखवलेला चाकू उजेडात धरला. "ह्याच्यावर नाव होतं बघा. ठोकलेलं नाय, वरवर छापलेलं. ते कोणीतरी घालवलंय."

"ते मीच. दसऱ्याला घासायचे."

"नाय मॅडम. सगळं पातं घासलंय ते वेगळं. हे इथलं, मुळाकडचं, वेगळं आहे. इथे मुद्दाम जोर लावलाय."

मी रिक्षात बसले. घाटकोपर ते मुलुंड, रिक्षावाला फोनवर कुणाशी तरी भांडत होता, आणि मला गॅलरी दिसत होती. मी बादलीजवळ उकिडवी बसलेली, आणि बाबा मागे उभे. बाबा माझ्या अभ्यासाकडे कधी बघत नसत, पण हत्यारं घासताना हमखास येऊन उभे राहायचे. "मुळाशी घास. तिथे घाण बसते." मी घासायचे. ते चाकू हातात घेऊन उजेडात तिरका धरायचे आणि परत माझ्याकडे द्यायचे. "अजून." विळीला कधी अजून म्हणाले नाहीत. कात्रीला नाही. मला वाटायचं, वडिलांची आठवण आहे म्हणून एवढं जपतात. मी आणखी जोरात घासायचे, शेंडीने बोटं सोलवटेपर्यंत.

मी घरी आले तेव्हा आई टेबलापाशी वालाच्या डाळिंब्या सोलत बसली होती. मी तिन्ही चाकू तिच्या परातीशेजारी आपटले.

"आई, आजोबांचा चाकू यात नाहीच आहे."

"नाहीच," आई म्हणाली. सोलणं चालूच.

"तुला माहीत होतं?"

"लालबागहून इथे सामान आणलं त्या दिवशी हरवला. टेम्पोत तुझ्या बाबांच्या मांडीवर एक पिशवी होती, तिच्यात होता. सामान उतरवताना पिशवी कुठे ठेवली ते आठवेना. दोन दिवस शोधत फिरत होते वेड्यासारखे. पुढच्या महिन्यात दसरा होता, आणि वन्सं येणार होत्या." तिने एक डाळिंबी परातीत टाकली. "मग फुटपाथवरून तीन आणले. एक आणला, तो जास्तच नवा दिसत होता. दुसऱ्याची मूठ जाड. त्यातल्या त्यात तिसरा बरा वाटला, तो पाटावर ठेवला."

मी तेव्हा पाच वर्षांची होते. म्हणजे जो चाकू आजोबांचा म्हणून मी आयुष्यभर ओळखत होते, तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हाच खोटा होता.

"तीन महिने मी इथे भिंग घेऊन बसतेय," मी ओरडले. "सुया तापवतेय, फोटो काढतेय, बोरिवलीच्या वाऱ्या करतेय. तुला एकदा तरी सांगावंसं नाही वाटलं?"

"तू मला एकदाच विचारलंस, कुठला म्हणून. त्यातलाच एक म्हटलं. दसऱ्याचा त्यातलाच होता ना? पुढचं तू मोबाईलला विचारत होतीस." मग परात जवळ ओढत म्हणाली, "आणि त्यांनी शपथ घातली होती. वन्संना कळता कामा नये."

मला तिचा राग आला, पण बाबांचा जास्त आला. हरवला तर हरवला. माणसांच्या हातून वस्तू हरवतात. पण तो हरवल्याची खूण आपल्या पोरीकडून, दर वर्षी, पूजेच्या नावाखाली, विटेने पुसून घ्यायची? मी त्या रात्री जेवले नाही. आईने दुसऱ्या दिवशी डाळिंब्यांची उसळ तशीच गरम करून वाढली.

प्रश्न उरला आत्याचा. आता तिला काय सांगायचं? एक सोपा रस्ता होता. बाजारात शिंगाच्या मुठीचा, कडी असलेला जुना चाकू शोधून आणायचा. त्या गटातला एक माणूस असा चाकू द्यायला तयारही होता. मी दोन दिवस त्यावर खरोखर विचार केला. मग लक्षात आलं की बाबांनी नेमकं हेच केलं होतं. मी त्या माणसाला नको म्हणून कळवलं.

चौथ्या खेपेला मी रिकाम्या हाताने गेले. आतेभाऊ बाहेर गेला होता, आत्या उशीला टेकून बसली होती. तिने माझ्या पर्सकडे बघितलं.

"आणलंस?"

"नाही. आत्या, तो चाकू नाहीये. बाबांच्या हातून हरवला."

"काय?"

"हरवला म्हणतेय."

"मोठ्यान सांग गो. कोणी?"

आत्याला ऐकू कमी येत नाही. डोळे अधू झालेत, कान शाबूत आहेत, हे मला त्या वेळी सुचलं नाही. मी आवाज चढवला. शेजारच्या घराची खिडकी आमच्या खिडकीला लागून, पण मी ओरडूनच सांगितलं, "बाबांनी हरवला! मुलुंडला येताना! पाटावर होता तो फुटपाथवरचा होता!"

आत्याने डोळे मिटले आणि मान हलवली, एकदाच. तिला धक्का बसला असं मला वाटलं. मी पाण्याचा पेला उचलला.

"ठेव ता," ती म्हणाली. "माका म्हायत होता."

"कधीपासून?"

"मुलुंडच्या पयल्याच दसऱ्याक. हळदकुंकू लावूक हात लावलंय, तेव्हाच. शिंग हाताक कसा लागता ता माका ठाऊक नाय? इतकी वर्सां त्या प्लॅस्टिकाक कुंकू लावलंय मी."

"मग दर वर्षी कशाला यायचीस? आणि मला का तीन-तीनदा पाठवलंस?"

ती चिडलेली नव्हती, त्यामुळे मलाच आणखी चीड आली.

"तो सांगात म्हणान येय," ती म्हणाली. "पाया पडाक वाकलो की वाटायचा, आता सांगतलो. सोना हातात देय, आणि उठान जाय. मी काय त्येका मारलंय असतंय? पोरासारखो वाढवलंय त्येका." तिचा आवाज फुटला. "तो गेलो. मगे म्हटलंय, घरात दुसऱ्या कोणाक तरी ठाऊक असात. तुका तरी."

"मी सांगितलं ना आता," मी म्हणाले. "हरवला. बाबांनी हरवला आणि लपवलं. बाबांचं चुकलं, आत्या."

आत्याने माझा हात धरला आणि थोपटला, लहान मुलाची समजूत काढावी तसा.

"तू बरी आसस गो," ती म्हणाली. "पण ह्या माका त्याच्या तोंडातसून आयकूचा होता."